भरलेलं पाऊल

न्हाणीपासून बाजेपर्यंतचं अंतर फार नाही. लेक न्हाऊन बाहेर येते, कानांना फडकं गुंडाळलेलं, एक हात भिंतीला, आणि शहाबादी फरशीवर तिच्या मागे ओल्या पावलांची रांग उमटत जाते. मार्गशीर्षातली थंडी. पूर्णा नदीकडून येणारा वारा बाळंतिणीला लागू नये म्हणून खिडक्या लावलेल्या. त्यामुळे ती पावलं लवकर वाळत नाहीत. कुणी घसरू नये म्हणून पुसायला फडकं घेऊन वाकले आणि तशीच थांबले. या पोरीची ओली पावलं मी ती चालायला लागली तेव्हापासून पाहत आले आहे. पावसात खेळून, केळना नदीचं पाणी बघून घरात शिरायची तेव्हाची; दहावीच्या वर्षी पहाटे डोळ्यांवर पाणी मारून, पाय धुऊन अभ्यासाला बसायची तेव्हाची. पुढे पंजा, मागे टाच, आणि दोघांना जोडणारी बाहेरच्या कडेची एक बारीक पट्टी. मधली जागा कोरडी. आता ती कोरडी जागा उरलीच नव्हती. टाचेपासून अंगठ्यापर्यंत सबंध पाऊल फरशीवर उमटलं होतं.

भादव्यात आमच्याकडे महालक्ष्म्या येतात. उंबऱ्यापासून त्या मांडतो तिथपर्यंत कुंकवाची पावलं काढण्याचं काम लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्याकडे आहे. मूठ वळायची, करंगळीकडची कड कुंकवाच्या पाण्यात बुडवून फरशीवर टेकवायची, की तळवा होतो. मग बोटाच्या टोकाने पाच ठिपके. मुठीच्या ठशाला आतून आपोआप बाक येतो, त्यामुळे देवीचं पाऊल दरवर्षी तसंच उमटतं, कोवळं आणि बारीक. ज्येष्ठा आणि कनिष्ठा येतात त्या मात्र लेकुरवाळ्या. त्यांच्या पुढ्यात त्यांची लेकरं मांडतो, लेकरांना टोपडी घालतो, फराळाचं ताट ठेवतो. लेकरं झालेल्या त्या दोघी, पण पावलं कुमारिकेची. आपण देवीला आईपण दिलं, आईचे पाय द्यायचे राहून गेले. लेकीची पावलं पुसता पुसता हे मनात आलं आणि मग कितीतरी दिवस मी बायकांच्या पायांकडेच बघत होते.

लेकीचं दुखणं पहिल्या पावलाचं आहे. रात्री बाळ रडलं की ती उठते, पाय खाली सोडते आणि जमिनीला टाच टेकली की तोंडून "आई गं" निघतं. टाचेच्या आतल्या बाजूला खिळा रुतल्यासारखं होतं, म्हणते. भिंतीला धरून चार पावलं टाकली की ते ओसरतं. पुन्हा बसली, बाळाला पाजलं, पुन्हा उठली, की पुन्हा तेच. शेजारच्या आजी बाळ बघायला आल्या होत्या. त्यांनी दारातूनच विचारलं, "काऊन वं, लंगडती काऊन?" लेकीने सांगितलं. आजी बाजेच्या कडेला टेकल्या, बाळाच्या हातात नोट ठेवली आणि म्हणाल्या, "बाळंतपणाचं अंग हाये माय, चालायचंच. तुह्या मायलाबी व्हतं."

खरंच होतं. माझ्या आईलाही होतं, आणि तिच्या सासूलाही असणार. आमच्याकडे याला टाचेचं हाड वाढलं असं म्हणतात. हाड वाढलेलं असो वा नसो, दुखतो तो बहुतेक वेळा तळव्याचा जाड पट्टा. टाचेच्या हाडाला धरून तो बोटांपर्यंत पसरलेला असतो आणि पायाची कमान त्याने ताणून धरलेली असते. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, पट्टा आखडतो, आणि पहिल्या पावलाला सगळा भार एकदम आला की टाचेपाशी ओढ बसते. डॉक्टर त्याला प्लांटार फॅसायटिस म्हणतात.

पायाच्या एका पंजात २६ हाडं असतात आणि ३३ सांधे. एवढ्या लहान जागेत एवढी जोडणी शरीरात क्वचितच कुठे असेल. ती सगळी बंधांनी बांधलेली. बाळाला वाट मिळावी म्हणून गर्भारपणात शरीर आपले बंध सैल करतं. १९२६ साली फ्रेडरिक हिसॉ नावाच्या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने गर्भार प्राण्यांच्या रक्तातला द्रव गिनीपिगला टोचून पाहिला, तेव्हा त्यांच्या कटीच्या हाडांचे बंध सैलावले. त्यातून पुढे रिलॅक्सिन हे संप्रेरक ओळखलं गेलं. पण शरीरातलं हे सैलावणं कमरेपुरतं राहत नाही. गुडघे सैलावतात, घोटे सैलावतात, पंजाही सैलावतो. त्याच महिन्यांत दहा-बारा किलो वजन वाढतं, अंगात सहा ते आठ लिटर जादा पाणी साठतं, पोट पुढे आल्याने उभं राहण्याची ढब बदलते. सुतळीची बाज रोजच्या वापराने मधे झोळ धरते, तसा तो पंजा हळूहळू खाली बसतो. बाजेचं बरं असतं. पायथ्याची दोरी ओढून घेतली की ती पुन्हा ताठ होते. पायाला अशी दोरी नाही. बाळंतपणानंतर सूज उतरते, पाणी निघून जातं, वजनही उतरतं. खाली बसलेली कमान मात्र पुष्कळ जणींची पूर्वीसारखी वर येत नाही.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात नील सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९ बायकांचे पाय गर्भारपणाच्या सुरुवातीला मोजले आणि बाळंतपणानंतर साधारण पाच महिन्यांनी पुन्हा मोजले. २०१३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. शंभरात साठ ते सत्तर जणींचा पाय लांब आणि रुंद झालेला निघाला, लांबी २ ते १० मिलिमीटरने वाढलेली. बदल मुख्यतः पहिलटकरणींच्या पायांत दिसला. चपलेच्या एका नंबरात साधारण ८.५ मिलिमीटरचा फरक असतो. म्हणजे पहिल्या लेकराबरोबर बाईचा एक नंबर वाढू शकतो, कायमचा.

हे वाचलं तेव्हा मला माझी जोडवी आठवली. सातव्या महिन्यात बोटं सुजली आणि जोडवी रुतायला लागली. सवाष्ण बाईने पाय मोकळे ठेवायचे नाहीत, म्हणून ती काढायची नव्हती. मग तेल लावून, साबण लावून, बोटाला दोरा गुंडाळून ती फिरवत फिरवत थोडी वर सरकवायची. मधल्या बोटावरचा तो वळ बाळंतपणानंतरही किती महिने होता. शेवटी सासूबाईंनीच सोनाराकडे नेलं आणि जोडवी उकलून मोठी करून दिली. उघड्या जोडव्याची दोन टोकं थोडी लांब करून पुन्हा बोटात बसवतात, त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. सोनार काही विचारत नव्हता. बाई जोडवी सैल करायला आली म्हणजे काय झालंय ते त्याला ठाऊक असावं. गावातल्या कोणत्याही सोनाराकडे बायकांच्या पायांचा हा इतिहास असेल, लिहिलेला नाही एवढंच.

बाळंतिणीच्या घरात पायांना केवढं काम असतं, हे पुरुषांच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे न्हाऊ घालायला मावशी येतात. चुलीवर हंड्यात पाणी तापलेलं असतं. मावशी पाटावर बसतात, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचतात, दोन्ही पाय सरळ पुढे सोडतात, आणि त्या दोन नडग्यांच्या मधल्या खोलीत बाळ पालथं घालतात. तेल, मग डाळीचं पीठ, मग पाणी. पाणी आधी त्यांच्या पायांवर पडतं आणि मग बाळावर. फार कढत असेल तर पहिला चटका मावशींच्या पायांना बसतो. बाळ उताणं करायचं, डोकं घोट्यांपाशी. पायाची बोटं वर उभी केलेली असतात, त्यांचा बाळाच्या डोक्याला आधार मिळतो. गावातलं प्रत्येक लेकरू या पायांवरून गेलेलं आहे. मावशींचे पाय सावळे, रुंद, टाचांना भेगा, अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं. त्यांच्या पावलात कमान नाहीच. पाच बाळंतपणं, तीही सगळी शेताच्या हंगामात, असं त्या सांगतात. "पहिल्यांदा चप्पल घातली तवा माह्यी पोरगी शाळंत जात व्हती," असंही सांगतात.

न्हाऊन झालं, धुरी झाली, ओवा-शेपाचा वास घरभर पसरला, की बाळाला पुन्हा पायावर घ्यायचं, आता झोपवायला. लेक भिंतीला पाठ लावून पाय लांब करते, पायांवर गोधडी, गोधडीवर बाळ, आणि तळवे डावी-उजवीकडे हलवत राहते. अर्धा अर्धा तास. पाळणा असतो घरात, पण पायावर झोपायची सवय लागलेलं लेकरू पाळण्यात डोळे मिटत नाही. मी तिच्या दुखऱ्या टाचांकडे बघते आणि म्हणते, दे इकडे, माझ्या पायावर घेते. ती नाही म्हणते. तिच्या पायावर ते लवकर झोपतं, हे तिला कळलेलं आहे.

चपलेची गोष्ट वेगळीच. आमच्या आधीच्या पिढीतल्या बायका पारावर वडीलधारी माणसं बसलेली दिसली की चपला काढून हातात घ्यायच्या आणि तेवढा रस्ता अनवाणी चालायच्या. मी आजेसासूबाईंना असं करताना पाहिलं आहे. उन्हाळ्यात, तापलेल्या फुफाट्यात. त्याही आधी, १८८३ साली, अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशींनी सेरामपूरच्या भाषणात सांगितलं होतं की रस्त्याने जाताना लोक आपल्याभोवती जमतात, हसतात, बूट-मोजे घालणारी ही बाई कोण म्हणून बोलतात. आनंदीबाई वयाच्या १४ व्या वर्षी बाळंत झाल्या होत्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. हे दोन्ही मला एकत्रच आठवतं. पायांत बूट घातले म्हणून हसू झालेली आणि बाळंतपणाचं शास्त्र लिहिणारी बाई एकच होती. वाढत्या वयाचा पाय, त्यातच बाळंतपण, त्यातच बाळाचं जाणं. त्या पायांनी ती समुद्र ओलांडून गेली.

बाळंतपणाला सव्वा महिना झाला की माझी लेक मारुतीच्या पाया पडायला बाहेर निघेल. काल तिने लग्नातली चप्पल काढून पायात घालून पाहिली. अंगठा आत गेला, टाच बाहेर राहिली. तिने ती गुमान पिशवीत ठेवली आणि म्हणाली, सूज उतरेल. बाळंतपणाची सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते, तिची उतरलेलीही आहे. पायाच्या शिरा दिसायला लागल्यात, घोट्याचं हाड दिसतंय. सूज नाही, पाय मोठा झालाय. मी तिला तसं सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोट सुटलं, केस गळतात, हे सगळं तिने ऐकलेलं होतं आणि मनाची तयारी केली होती. पायांचं कुणी सांगितलं नव्हतं.

लेकीला निदान घरात बसता येतं. बाहेर, आमच्या जाफराबादच्या आसपास, सध्या कापसाची वेचणी चालली आहे. सकाळी गावाबाहेर पडलं की बायकांचे जथे शेतांकडे निघालेले दिसतात. कंबरेला ओटी बांधलेली, त्यात वेचलेला कापूस टाकत टाकत तासाभरात ती पुढून फुगते, वजनाने खाली ओढते. गर्भारपणात कमरेवर आणि टाचांवर जो भार येतो तोच पुन्हा, दिवसभर. पायाखाली ढेकळं, आधीच्या पिकाची धसकटं, पऱ्हाटीच्या काटक्या. मजुरी किलोवर, म्हणून बसायला वेळ नाही. बांधावरच्या बाभळीला साडीची झोळी बांधलेली असते आणि झोळीत कुणाचं तरी तीन-चार महिन्यांचं लेकरू. ते रडलं की आई ओटी सोडून पळत येते, पाजते, पुन्हा जाते. शेडनेटमध्ये बियाण्यांचं काम करणाऱ्या पोरी आहेत, मिरची तोडणाऱ्या आहेत. शेडनेटमध्ये फुलाफुलाला हाताने पराग लावायचा, उभ्याने, उकाड्यात. त्यांच्यातल्या एकीने मला सांगितलं, "मॅडम, संध्याकाळी पाय माझे नसतात."

नोकरीतल्या बाईला १९६१ च्या कायद्याने बाळंतपणाची रजा मिळाली, २०१७ पासून ती २६ आठवड्यांची झाली. आमच्या शाळेतल्या शिक्षिकेला ती मिळते. ओटीवालीला ती देणार कोण? तिचा मालक दर आठवड्याला वेगळा. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये येतात आणि ते कामी येतात, यात शंका नाही. पण त्यातून पायांना विसावा किती मिळतो, ते वेचणीच्या दिवसांत बांधावरच्या झोळ्या पाहिल्या की कळतं.

मनात राहून गेलेली एक दूरची गोष्ट आहे. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात व्हाइट सँड्स नावाची जागा आहे. तिथे एका आटलेल्या तळ्याच्या चिखलात हजारो वर्षांपूर्वीची माणसांची पावलं टिकून राहिली आहेत. त्यांतली एक रांग दीड किलोमीटरहून लांब आहे आणि २०२० साली तिच्याबद्दल लिहून आलं. पावलं बहुधा एका बाईची, किंवा मिसरूड न फुटलेल्या मुलाची असावीत. मधेमधे तिच्या पावलांशेजारी एका दोन-तीन वर्षांच्या लेकराची इवलीशी पावलं उमटतात आणि पुन्हा नाहीशी होतात. लेकरू कडेवर असताना तिची पावलं रुंद होतात, चिखलात थोडी फिरलेली, घसरलेली दिसतात. खाली ठेवलं की सरळ होतात. परतीच्या रांगेत लेकराची पावलं नाहीत. कुठेतरी ते पोचवून ती एकटी परत गेली. मधल्या काळात महाकाय हत्तीसारखं एक जनावर आणि जमिनीवरचा स्लॉथ तिची वाट ओलांडून गेले, त्यांच्याही खुणा आहेत. तिचा चेहरा, नाव, भाषा काहीच उरलं नाही. लेकराच्या वजनाने पाऊल किती रुंद झालं, एवढं मात्र मातीत टिकून राहिलं. मी ते वर्णन वाचलं आणि आमच्या गावच्या गढीकडे जाणाऱ्या पायवाटेवरून कडेवर पोर घेऊन येणारी एखादी बाई डोळ्यांसमोर आली. ती एका बाजूला कलून चालते, वजनाच्या बाजूचा पाय थोडा बाहेर पडतो.

आई टाचेला रुईची पानं लावायची. वीट चुलीत तापवायची, तिच्यावर तेल लावलेली रुईची पानं, पानांवर जुनं फडकं, आणि त्यावर हळूच टाच टेकवायची. ऊब टाचेतून वर चढायची आणि तिचा चेहरा सैल व्हायचा. मी लेकीसाठी तेच करते, शेक सोसवेल इतकाच. डॉक्टरांनी तिला भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायला सांगितलं आहे, बाजेवरून उतरण्यापूर्वी पायाची बोटं हाताने मागे ओढायला सांगितलं आहे, आणि घरातसुद्धा मऊ टाचेची चप्पल घालायला. बाळ अंगावर पितं म्हणून दुखण्याची गोळी त्यांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. हळूहळू फरक पडतो आहे. घरात चप्पल घालणं सासरी चालेल का, असं ती विचारत होती. चालवून घ्यावं लागेल, मी म्हटलं.

सगळीच पायदुखी अशी शेकून जाणारी नसते, आणि इथे मला आजींचं "चालायचंच" फार टोचतं. रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईचं रक्त लवकर गोठतं. कधी पोटरीच्या खोल शिरेत गाठ धरते. मग एकच पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो. जुन्या काळी युरोपातले डॉक्टर याला दुधाचा पाय म्हणत. अंगावरचं दूध पायात उतरलं, अशी त्यांची समजूत होती. बाळंतीण बाजेवर आठवडे पडून राहायची तेव्हा हे अधिक व्हायचं. अशा पायाला मालिश करायची नाही, शेकायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि दम लागत असेल तर त्याच तासाला. तोंडावर, हातांवर अचानक सूज आली, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारलं, तर रक्तदाब बघून घ्यायचा. बाळंतपण होऊन गेलं म्हणून तो धोका लगेच टळत नाही. आणि एखादीचा पंजा वर उचललाच जात नाही, चालताना बोटं घासतात. कळा देताना पाय फार वेळ मुडपून राहिले की गुडघ्याच्या बाहेरून जाणारी नस दबते, म्हणून असं होतं. त्यातल्या बहुतेक जणी काही आठवड्यांत, काही महिन्यांत बऱ्या होतात. पण आमच्याकडे अशा पोरीला आधी अंगाऱ्याला नेतात, बाहेरचं झालं म्हणून. नस दबलेल्या पोरीवर हा दुहेरी अन्याय आहे.

गडचिरोलीला डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेतल्या सहकाऱ्यांनी खेड्यांत घरी बाळंत होणाऱ्या ७७२ बायकांकडे वेळोवेळी जाऊन पाहिलं. बाळंतपणानंतरच्या दिवसांत त्यांतल्या सुमारे ४३ टक्के बायकांना काही ना काही आजार होता. २००४ साली ते छापून आलं. त्यातला आकडा मला जितका मोठा वाटतो तितकीच त्यामागची रीत मोठी वाटते. कुणीतरी दारात गेलं, बाईसमोर बसलं आणि तिला विचारलं. तिथूनच घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत देशभर गेली. आज आमच्या दाराशी आशाताई येतात त्या त्याच वाटेने, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन करतात, ताप बघतात, आईलाही विचारतात. परवा आल्या तेव्हा त्या दारातच पायरीवर बसल्या, चप्पल काढली आणि स्वतःची टाच चोळायला लागल्या. त्यांना दोन लेकरं आहेत, रोजचं चालणं किती ते त्यांनाच माहीत. लेकीने विचारलं, "ताई, तुम्हालाही?" त्या हसल्या आणि वजनकाटा काढला. तेवढ्यात त्या दोघींचं काहीतरी जमलं. नंतर बराच वेळ त्या टाचांबद्दलच बोलत होत्या, चप्पल कुठली घ्यावी, कुठल्या दुकानात मऊ तळ मिळतो, सकाळी उठताना काय करावं. मी आत चहा टाकायला गेले.

बाळ बघायला येणारं प्रत्येक माणूस बाळाचं नाक कुणासारखं, रंग कुणासारखा ते बघतं. माझी वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. बाळंतविडा घेऊन कुणाकडे जाल तेव्हा टोपडी-अंगड्यांच्या, डिंकाच्या लाडवांच्या पिशवीत बाळाच्या आईसाठी मऊ तळाची चप्पल ठेवा. घ्यायच्या आधी तिच्या पायाचं आजचं माप विचारा, लग्नातलं धरू नका. आणि सकाळी पहिलं पाऊल टेकताना दुखतं का, तेही विचारा.